डावीकडची सीट

ओल्वेन : नऊ दिवस? मर्विन, लानेलीहून इटलीतल्या बार्डीला नऊ दिवस? अरे, लग्न आहे आपल्या मुलाचं. आपण पोचेपर्यंत येस्टिनला पोरं होतील!

मर्विन : आठ. नवव्या दिवशी सकाळी पोचतो. आणि टोलचा एक छदाम नाही.

ओल्वेन : लग्न चौदा जूनला आहे. म्हणजे पाचलाच घर सोडायचं. आणि माझ्या टोमॅटोंना पाणी कोण घालणार?

मर्विन : इकडे बघ. फ्रान्समध्ये कॅलेला बोटीतून उतरलं की टोलचा रस्ता सोडायचा. आतल्या रस्त्याने अरास, मग त्र्वा, मग दिजों. गावागावांतून. शेवटी मों सनीचा घाट, की उतरलो इटलीत.

ओल्वेन : घाट!

मर्विन : बोगद्याला पैसे पडतात. घाट फुकट आहे.

ओल्वेन : फुकट आहे कारण शहाणा माणूस तिथून जात नाही. वळणं किती?

मर्विन : चढताना थोडी.

ओल्वेन : आणि उतरताना?

मर्विन : उतरताना मोजायची नसतात.

ओल्वेन : बरं. गाडी कोण चालवणार आहे?

मर्विन : आता ते कशाला...

ओल्वेन : नाही, एकदा तोंडाने म्हण. कोण?

मर्विन : तू.

ओल्वेन : हां. तुला अर्धांगाचा झटका यायच्या आधी तू बकरीच्या वाटेने गाडी घातली असतीस तरी मी एक शब्द बोलले नसते.

मर्विन : एक शब्द? तू?

नेरिस : आई! बाबा! दार सताड उघडं आहे, मी चोर असते तर? अजून नकाशेच चाललेत? जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नाही.

ओल्वेन : ये, बस. बघ तुझ्या बाबाने काय काढलंय. नऊ दिवसांची तीर्थयात्रा, तीसुद्धा घाटातून.

मर्विन : आठ.

नेरिस : माझं ऐका तुम्ही दोघं. ब्रिस्टलहून विमान आहे. दोन तासांत मिलान. येस्टिन घ्यायला येईल. मी आत्ता फोनवर तिकिटं काढते.

मर्विन : ठेव तो फोन.

नेरिस : का पण?

मर्विन : विमानाने गेलो की मोटरहोम विकायची. ठरलंय आमचं. या उन्हाळ्यात हलली तर राहील. नाही तर कार्डिफचा गॅरेजवाला महिनाअखेरीला येऊन घेऊन जाणार. साडेतीन टनांची, पलंग-चुलीसकट गाडी काय अंगणात शोभेला ठेवायची? कुंडी आहे ती?

नेरिस : मग विका ना. सहा महिने झाले, तुझा डावा हात अजून...

मर्विन : हात जागेवर आहे.

नेरिस : जागेवर आहे, बाबा. उचलला जात नाही.

ओल्वेन : नेरिस.

नेरिस : बरं, सॉरी. गाडीनेच जायचं असेल तर टोलच्या रस्त्याने जा. तीन दिवसांत पोचाल, चार म्हणा. रुंद रस्ता, सरळ रस्ता, आईला सोपा. आणि आता टोलला थांबायचीसुद्धा गरज नाही. एक डबी मिळते, समोरच्या काचेला चिकटवायची. गाडी आली की दांडा आपोआप वर. खिडकी उघडायला नको, कार्ड शोधायला नको, कुणी काही करायलाच नको.

मर्विन : कुणी काही करायला नको.

नेरिस : हो ना! कित्ती सोपं.

मर्विन : नको.

नेरिस : नको म्हणजे?

मर्विन : दरोडेखोर आहेत मेले. रस्त्यावरून जायचे पैसे घेतात.

नेरिस : बाबा, तीस वर्षं दुधाचा टँकर घेऊन सेव्हर्न नदीवरचा टोलचा पूल ओलांडलास. तिथे काय फुलं देत होते?

मर्विन : तिथे बाहेर जायला फुकट, आणि आपल्याच घरी परत यायला पैसे. तिथेच शिकलो मी, दरोडा म्हणजे काय ते.

नेरिस : कंपनी भरायची ते पैसे!

मर्विन : तत्त्व असतं माणसाचं.

नेरिस : आई, तूच बघ आता याचं काय ते. मला मुलींना पोहायच्या क्लासहून आणायचंय. आज तिकिटं काढत नाही, पण सोमवारपर्यंत सांगा. त्यानंतर भाव दुप्पट होतो. येते.

ओल्वेन : दार लावून घे गं!... गेली. आता सांग.

मर्विन : काय सांगू?

ओल्वेन : ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. तत्त्वबित्त्व नेरिसला सांग. मागल्या वर्षी याच फ्रान्समध्ये टोल भरत भरत समुद्रापर्यंत गेलास, तेव्हा तत्त्व कुठे ठेवलं होतंस?

मर्विन : तेव्हा वेगळं होतं.

ओल्वेन : काय वेगळं होतं?

मर्विन : टोलचं मशीन कुठल्या बाजूला असतं?

ओल्वेन : माझ्या. डावीकडे. त्यांच्या गाड्यांना स्टिअरिंगचं चाक डावीकडे असतं म्हणून.

मर्विन : आणि आपलं चाक उजवीकडे. म्हणजे तिकीट घ्यायचं, कार्ड घालायचं, सगळं डाव्या सीटवरच्या माणसाने. इतकी वर्षं ते तू केलंस. आता त्या सीटवर कोण बसणार?

ओल्वेन : तू.

मर्विन : मी. आणि हा हात. मी खिडकीतून बाहेर काय काढू, नाक? मागे वीस गाड्या भोंगे वाजवतायत, आणि मी मशीनकडे बघत बसलोय.

ओल्वेन : एवढंच ना? मग पोरगी म्हणते ती डबी घेऊ या. वाईट काय आहे त्यात?

मर्विन : डबी घेतली तर मी तिथे काय करायचं?

ओल्वेन : म्हणजे?

मर्विन : म्हणजे विचार कर. मैलच्या मैल सरळ रस्ता. वळण नाही. नकाशा लागत नाही. खिडकी लागत नाही. चाक तुझ्याकडे, टोल डबीकडे. मग बटाट्याचं पोतं ठेव माझ्या जागी आणि पट्टा लाव त्याला. आतल्या रस्त्यांना कसं, दर दोन मैलांना चौक. कुणीतरी सांगावं लागतं, इकडे वळ, तिकडे वळ.

ओल्वेन : थांब. म्हणजे तुला काम असावं म्हणून मला घाटात घालतोयस?

मर्विन : तसंच म्हण.

ओल्वेन : मर्विन प्रॉसर, चाळीस वर्षं संसार केला तुझ्याशी, पण असा आप्पलपोटा विचार तुझ्या डोक्यात कधी बघितला नव्हता!

मर्विन : ओरडू नकोस.

ओल्वेन : ओरडणार! मला भीती वाटते, कळतंय का? मी आयुष्यभर ती लहान गाडी बाजारापर्यंत नेली आणि परत आणली. घर पाठीवर घेतल्यासारखी गाडी मी चालवणार, तीसुद्धा रस्त्याच्या चुकीच्या बाजूने, आणि त्या गावांतल्या बोळातून समोरून ट्रॅक्टर आला तर मी चाक सोडून रडत बसेन. टोलच्या रस्त्यावर निदान समोरून कुणी अंगावर येत नाही. मी सहा महिने हे कुणाला बोलले नाही. तू उठायला लागावास म्हणून "हो हो, मी चालवेन, त्यात काय" म्हणत राहिले.

मर्विन : तू म्हणालीस, त्यात काय.

ओल्वेन : म्हणाले! दवाखान्यातल्या माणसाला काय सांगायचं असतं दुसरं?

मर्विन : चहा करू?

ओल्वेन : एका हाताने सगळीकडे सांडशील. चहा नको. ऊठ. किल्ली घे. अंगणात चल.

मर्विन : कशाला?

ओल्वेन : टोल भरायला.

(घरासमोरचं अंगण. दोघं मोटरहोममध्ये, ओल्वेन चाकावर. डाव्या बाजूला चाकांची कचरापेटी उभी, तिच्यावर लोण्याचा रिकामा डबा, डब्यात खोचलेलं पोस्टकार्ड.)

मर्विन : ही कचरापेटी म्हणजे फ्रान्स?

ओल्वेन : हो. आणि ते पोस्टकार्ड म्हणजे तिकीट. येऊ का पुढे?

मर्विन : ये. हळू. डावीकडे घे जरा. जरा म्हणजे जरा, अगं...

ओल्वेन : काय झालं?

मर्विन : मशीन पडलं.

ओल्वेन : अरे देवा! मला वाटलं केवढी तरी जागा आहे.

मर्विन : तुला तिकडून दिसतच नाही. कुणालाच दिसत नाही. टँकरच्या पहिल्या आठवड्यात मी डेअरीचं फाटक उखडून नेलं होतं.

ओल्वेन : हे कधी सांगितलं नाहीस!

मर्विन : फाटक मी दुरुस्त करून दिलं. सांगायचं काय त्यात? उतर, उभी कर ती पेटी. परत ये. या वेळी माझ्याकडे बघू नकोस. समोर बघ आणि ऐक.

ओल्वेन : उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस!... झालं. बसले. सांग.

मर्विन : सरळ. सरळ. अजून. आता दोन बोटं डावीकडे. बस्स. अशीच येऊ दे. दीड फूट. एक फूट. थांब!

ओल्वेन : लागली?

मर्विन : नाही. वीतभर अंतर आहे. आरसासुद्धा वाचला.

ओल्वेन : खरंच? मी केलं हे?

मर्विन : तू केलंस. आता तिकीट कोण घेणार? हात पोचत नाही. उजवा असा वळवून आणला तरी खिडकीपर्यंतच येतो.

ओल्वेन : हे घे.

मर्विन : हे काय? हा तर हॉस्पिटलचा लांब दांड्याचा चिमटा. मोजे उचलायचा. मी सांगितलं होतं हा टाकून दे म्हणून.

ओल्वेन : मी पलंगाखालून पेपर काढायला वापरते. चांगला आहे. धर उजव्या हातात, अंग वळव, आणि घे तिकीट. मागे वीस गाड्या आहेत.

मर्विन : म्हाताऱ्यांची वस्तू आहे ही.

ओल्वेन : तू एकाहत्तर वर्षांचा आहेस, मर्विन. भोंगे ऐकू येतायत मला.

मर्विन : थांब, घाई करू नकोस... निसटलं... हां. आलं. आलं बघ.

ओल्वेन : बघू? थोडं चुरगळलंय. चालेल.

मर्विन : पण डबी घेतली की हेही लागणार नाही.

ओल्वेन : डबी घ्यायचीच आहे. पावसात कोण खिडकी उघडतंय? हे जमतं का ते तुला बघायचं होतं, म्हणून केलं.

मर्विन : मग परत तेच. मी पोतं.

ओल्वेन : तू नेहमी चाकावर असायचास. मी त्या सीटवर बसून काय करायचे, सांग बरं.

मर्विन : तिकीट घ्यायचीस.

ओल्वेन : ते दिवसातून चार वेळा. बाकीचे सहा तास?

मर्विन : बडबड करायचीस. तुझ्या बहिणीचा गुडघा, तुझ्या कामावर, शाळेच्या स्वयंपाकघरात, कुणी मटार जाळले, शेजारणीची सून. मी कितीदा म्हणायचो, जरा तोंडाला कुलूप लाव.

ओल्वेन : आणि मी लावलं का?

मर्विन : कधी नाही.

ओल्वेन : फ्रान्समधलं रँस आठवतं? मुलं लहान होती, मागे झोपलेली. दुपारची वेळ. टोलचा रस्ता, सरळ, कडेला नुसती गव्हाची शेतं. तुझी मान कलली. गाडी पांढऱ्या रेघेवरून गेली. मी चाकाला हात लावला, तू जागा झालास आणि म्हणालास, "वारा फार आहे."

मर्विन : वारा होता.

ओल्वेन : पान हलत नव्हतं. सांगितलं असतं तर तू घाबरला असतास, आणि मग पुढे गाडी कोण नेणार होतं? मला कुठे येत होती? म्हणून त्या दिवसापासून मी बोलायला लागले. सुचेल ते. मटार तर कित्येकदा जळलेच नव्हते.

मर्विन : जळले नव्हते?

ओल्वेन : एकदा जळले होते. बाकीचं मी रचलं.

मर्विन : मला वाटायचं तुला हौस आहे.

ओल्वेन : हौस कसली? घसा दुखायचा माझा संध्याकाळी. आता मला सांग, मी चाकावर, रस्ता सरळ, दुपारचं ऊन. माझी मान कलली तर? डबी बोलणार आहे का माझ्याशी?

मर्विन : रेडिओ लाव.

ओल्वेन : फ्रेंच रेडिओ? त्याने तर तिथल्या तिथे झोपेन मी.

मर्विन : मला बोलता येत नाही, ओल्वेन. तुला माहीत आहे. मी टँकरमध्ये तीस वर्षं एकटा बसलो.

ओल्वेन : येत नसेल तर शिक. मी नाही का हे धूड चालवायला शिकतेय? टोलचा रस्ता घ्यायचा, घाट नाही, बोगदा. आणि तू बोलायचंस. कॅलेपासून बार्डीपर्यंत.

मर्विन : बार्डीच्या आधी पंचवीस मैल टोलचा रस्ता नाही. डोंगरच आहे. वळणं आहेत.

ओल्वेन : किती?

मर्विन : मी एकेक सांगेन. आत्ता सांगितलं तसं. वीतभरसुद्धा चुकणार नाही.

ओल्वेन : बरं. ते पंचवीस मैल तुझे. पण त्याच्या आधीचे साडेसातशे? सुरू कर. आत्ता. सराव लागेल तुला.

मर्विन : काय बोलू?

ओल्वेन : काहीही. जे कधी बोलला नाहीस ते. मी समोर बघते.

मर्विन : अंगणात काय समोर बघतेस?

ओल्वेन : तू बोल.

मर्विन : झटका आला त्या दिवशी मी मागच्या खोलीत पडलो होतो.

ओल्वेन : हं.

मर्विन : तू बाजारातून आलीस. दारातूनच हाक मारलीस. मग जिन्यापाशी येऊन मारलीस. मग परत एकदा, मोठ्याने.

ओल्वेन : मला वाटलं तू बाहेर गेलायस. मी पिशव्या ठेवल्या. चहाला पाणी ठेवलं, मर्विन. आधी चहाचं पाणी ठेवलं मी. रोज आठवतं मला ते.

मर्विन : किटलीचा आवाज ऐकू येत होता. बरं वाटत होतं ऐकायला. म्हटलं, ही आहे घरात, येईल.

ओल्वेन : तू ऐकत होतास?

मर्विन : सगळं. तिन्ही हाकांना ओ दिली होती मी. आवाज तेवढा फुटला नाही.