‘आई’ म्हटल्यावर

बनारसच्या एका दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर ऋता नावाची मुलगी आणि तिची आत्या बसल्या होत्या. ऋताचे बाबा आत डॉक्टरांपाशी होते.

"डॉक्टर एकेक शब्द म्हणत होते, आणि बाबांनी पहिलं सुचेल ते बोलायचं."

"दादाला काय कठीण! जन्मभर बोलतच आलाय."

"हिंदीत सगळं ठीक चाललं. पानी म्हटलं की गंगा. माँ म्हटलं की अन्नपूर्णा."

"मग बरोबरच की."

"मग डॉक्टर मला म्हणाले, घरी मराठी बोलता ना, तेच शब्द तुम्ही मराठीत विचारा. मी 'आई' म्हटलं. बाबा म्हणाले, 'विहीर'."

"म्हातारा झालाय गं. चहा घेतेस?"

"पुन्हा विचारलं. पुन्हा विहीर. आणि रडायलाच लागले, आत्या."

"हळू बोल. लोग सुन रहे हैं।"

"इथे मराठी कुणाला कळतंय?"

मी मोबाइलवरून नजर उचलली नाही.

"आजी तापाने गेली, असं तूच सांगितलंयस मला."

"ताप होताच तिला."

"आत्या, माझ्याकडे बघ."

"घरातल्या चौकातल्या विहिरीत उडी मारली तिने. घरात आम्ही दोघंच होतो. मी पाच वर्षांची, दादा नऊचा."

"बाबांनी पाहिलं?"

"त्यानेच दोर सोडला आत. अगदी तिच्या हाताशी गेला होता, ऋता. तिने धरला नाही."