न म्हटलेलं ‘हजर’

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं, तूच का! आवाज ओळखूच येईना. रडतेयस?… हळू, हळू. ऐक. आधी माझं एक ऐक. खारू इथे आहे.

… हो, माझ्याकडे. स्वयंपाकघरात, स्टुलावर पाय वर घेऊन बसलीय. दुधात पाव बुडवून खातेय… नाही गं, कुठे लागलं-बिगलं नाही. सुखरूप आहे तुझी लेक… रड. घे रडून. मी आहे इथे.

… कधी म्हणजे? उजाडता उजाडता आली… अगं, कसा करणार फोन? माझं मौन नव्हतं का? जप संपेपर्यंत मी बोलत नाही, हे काय तुला नव्यानं सांगू?… हो, मान्य. अशा वेळी मोडावं माणसानं. मोडणारच होते. तोंड उघडलं, तर पोरीनं माझ्या ओठांवर हात ठेवला. डोळे असे केले की मी गप्पच झाले. म्हटलं, तू अजून झोपेत असशील, तुला कळलंही नसेल. आत्ता जप संपवून तुलाच लावत होते… काय? तूही त्यासाठीच केला नाहीस? ‘ताईचं मौन असेल, उचलणार नाही’?… घ्या! देव तरी काय म्हणत असेल आपल्या दोघींना!

कुठून बोलतेयस?… पोलीस चौकीतून?… आणि भाऊजी? स्टँडवर शोधताहेत? अगं बाई, त्यांना कळव गं, स्कूटर घेऊन वणवण चाललीय बिचाऱ्यांची… नाही, आत्ता नको. आत्ता हा फोन ठेवू नकोस.

हं… हं… राग येणारच. येऊ दे… नाही, असं नाही म्हणायचं… ‘सुधारगृहात ठेवून घ्या’ काय, ती काय पार्सल आहे?… कोण विचारतंय? टेबलामागच्या बाई? काय विचारताहेत?… ‘मुलगी हाताबाहेर गेलीय का?’ आणि तू काय सांगितलंस?… अजून काहीच नाही ना? नक्की?… मग आता तोंड मिटून घे. माझं मौन सुटलंय, तुझं धर.

अगं ऐक ना. मी दर आठवड्याला सुधारगृहातल्या मुलींना शिवण शिकवायला जाते की नाही? तिथली गृहमाता मला सांगत होती. शाळा बुडवली, रुसून घरातून निघून गेली, एवढ्यासाठी आता पोरींना आत ठेवत नाहीत. बदलला तो नियम… हो, चांगलंच झालं. पण आईबापानंच स्वतःच्या तोंडानं म्हटलं, की ही आमच्या हाताबाहेर गेली, तर मात्र पाठवतात. तेवढा एक शब्द राहिलाय बघ तिथे. आणि तोच तुझ्या जिभेवर आलाय.

… ‘चार दिवस राहील, सुधारेल’. हं. तिथे एक आहे, खारूएवढीच. मशीनच्या पायडलवर तिचा पाय जेमतेम पोचतो. मी विचारलं, बाळा, तू काय केलंस? म्हणाली, ‘घरी न सांगता आत्याकडे गेले.’ बस, एवढंच. तिच्या शेजारी घरफोडी केलेली बसते. दोघींच्या अंगात एकच गणवेश. परवा ती आत्याकडे गेलेली मला हळूच विचारते, ‘मावशी, सुईनं कुलूप उघडतं का हो?’… हो ना. तिलाही आईनंच ‘हाताबाहेर गेली’ म्हणत चार दिवसांसाठी आणलं होतं. आता आई भेटायला आली की भिंतीकडे तोंड करून बसते.

… आणि एक सांग. भाऊजी न सांगता मित्रांबरोबर दोन दिवस गायब होतात, तेव्हा तू गेली होतीस का चौकीत?… तेच तर! त्यांनी केलं की ‘स्वभावच आहे त्यांचा’, आणि पोरीनं केलं की गुन्हा… नाही गं, कडू कसं बोलेन? कडू बोलायचं नाही हासुद्धा माझा नेमच आहे. खरं बोलतेय, आणि हळू बोलतेय.

हो, हो… शाळा. काय सांगितलं काल शाळेनं?… महिनाभर गैरहजर? बसायला बाक आहे का तिथे?… मग बस आधी.

ती हजर होती गं. निम्मे दिवस तरी वर्गातच होती… खोटं नाही बोलत पोरगी. हजेरीत तिचं नाव आलं की तिला ‘हजर’ म्हणता येत नाही. ‘ह’वरच अडतं… अडखळणं सुटलेलं कुठलं? घरी तुला सुटल्यासारखं वाटतं, कारण तिचं अर्धं वाक्य तूच पुरं करतेस… अगं, बोल नाही लावत. मायेनंच करतेस, मला का ठाऊक नाही?… पण वर्गात या वर्षी नव्या बाई आल्यात. त्या मान वर करत नाहीत. क्षणभर थांबतात आणि पुढचं नाव घेतात. पोरी फिदीफिदी हसतात. आणि ही बाकावर बसल्या जागी गैरहजर!… हो. रोज. मग हिनं विचार केला, आत बसूनही गैरहजरच, तर बाहेर बसू. बागेत बसायची, दप्तर मांडीवर घेऊन. धडे वाचायची म्हणे! शाळा बुडवून धडे वाचणारी आपल्या घरात हीच पहिली. आपण दोघी काय करायचो, आठवतंय ना?… हां, तेच. भिंतीवरून उडी मारताना तुझा फ्रॉक फाटला होता.

… काल तू काय केलंस, तेही सांगितलं तिनं. ‘बोल, कुठे होतीस? बोल! बोल!’… अगं, ‘बोल’ म्हटलं की तिचा गळा कुलूप लावल्यासारखा होतो. काय बोलणार होती ती?

… मला कसं सांगितलं? तीच तर गंमत आहे. मी गप्प होते ना. कुणी विचारत नाही, कुणी घाई करत नाही, शब्द तोंडातून काढून घेत नाही. माझ्या हातात माळ, आणि ती बोलतेय. अडत, थांबत, पुन्हा पहिल्यापासून, पण शेवटपर्यंत. म्हणाली, ‘मावशी, तुझं मौन असतं म्हणूनच या वेळेला आले.’… इतकी वर्षं नेम पाळतेय मी. त्याचं काय फळ, हे देवाला कधी विचारलं नव्हतं. आज घरी चालत आलं.

… ऐकतेयस ना?… हसतेस की रडतेस, नीट कळू दे… काय? दोन पायांत दोन वेगळ्या चपला? एक तुझी, एक भाऊजींची?… आणि त्या टेबलामागच्या बाईंनी पाहिलं?… मग त्यांनाच विचार, हाताबाहेर नक्की कोण गेलंय!

थांब, थांब. खारू उठून आलीय. पेला घेऊनच आलीय माझ्याजवळ… देते. पण ऐक, ‘का’ नाही विचारायचं, ‘कुठे’ नाही विचारायचं. नुसतं नाव घे तिचं. हजेरी घेतात तसं… नाही, शब्दानं नाही देणार ती उत्तर. माझ्या मौनात आम्ही दोघी टकटक करतो. एकदा वाजवलं की ‘हो’. घे, तिच्या कानाशी धरलाय. घे नाव.

…

ऐकलंस?… चमच्यानं वाजवलं, पेल्यावर… नाही ऐकू आलं? पुन्हा घे… आता? आता आलं ना? अगं, एकदा कुठलं, वाजवतच सुटलीय! पेला फोडेल माझा!

… हो, चौकीतल्या बाई परत विचारणारच, त्यांचं ते कामच आहे. सांग त्यांना… मला नाही ऐकू आलं. मोठ्यानं सांग की!… हं. ‘नाही. हाताशीच आहे माझ्या.’… बास. शहाणी गं माझी ती.

नीघ आता… शाळेचं उद्या. तिघी जाऊ. त्या बाईंना सांगू, मान वर करून बघा, हिनं हात वर केला की ‘हजर’ लिहा… अगं, मीच बोलेन. तू नको, तू ओरडशील… चपला? राहू दे, तशीच ये. कोण बघतंय?… हो, दूध आहे तुझ्यासाठीही… भाऊजींना आधी कळव हं… ठेव. नाही, तूच ठेव…

खारू, पुरे आता. ठेवला तिनं फोन.