सूर्य पाठीमागं

बोथहून आदिलाबादला निघालेल्या बसमध्ये पुढच्या सीटवर नवरा-बायको बोलत होते. मागं बसलेली दहावीतली रंजीता मोबाइल बघता बघता ऐकत होती.

"फोटोच्या ग्रुपवर सारे 'लय भारी' लिहितेत. हा 'तिसरा डोळा' नावाचा एकटाच काऊन लिहिते, बाईचा चेहरा काळाठिक्कर पडला मनून?"

"मंग खोटं हाय काय? वावरातला कापूस चमकाव मनून सूर्य माह्या पाठीमागं ठेवला तुमी. लग्नातलं लुगडं नेसून मी नुसती सावलीच दिसून राह्यली."

"भेटू दे मले तो, दाखवतोच त्याले."

रंजीतानं मोबाइल दप्तराखाली दाबला. 'तिसरा डोळा' तीच होती.

"तुह्या भावाचा कॅमेरा आजच त्याले वापस देऊन टाकतो. पुन्हा हात लावत नाही."

"माहा चेहरा निघाल्याबगर द्याचा नाही. त्यालेच इचारा, कसा काढाव."

"अन् ग्रुपवर सारे हासले तर?"

"हासू द्या. लिहा तुमी."

तो बराच वेळ मोबाइलवर एकेक अक्षर दाबत राहिला, मग त्यानं मेसेज पाठवला.

रंजीताच्या दप्तराखाली टुणकन वाजलं, आणि पुढची दोन्ही डोकी मागं वळली.