जड चाप

शनिवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडणार, म्हणून विस्कॉन्सिनातल्या त्या गावी बंदुका दुरुस्त करणाऱ्या रॉयच्या दुकानात रांग लागली होती. रांगेत उभ्या असलेल्या लोइस नावाच्या गिऱ्हाइकाच्या पुढे म्हातारा अर्विड आणि त्याची बायको व्हर्ना उभे होते.

अर्विडने रायफल पुढे केली. "रॉय, हिचा चाप फार जड आहे. स्वस्तातली रायफल घेतली की हे असं."

"मागच्या वर्षीच हलका करून दिला होता ना, अर्विड?"

"परत जड झालाय."

"आपोआप कसा होईल? थांब, चापाचा जोर काट्यावर मोजून बघतो. हे बघ, दिला तसाच आहे."

"काटा बिघडलाय तुझा. स्प्रिंग अजून सैल कर."

"आता सैल केली, तर दस्ता नुसता आपटला तरी बार उडेल. मचाणावर एकटा असतोस."

"तू रांगत होतास तेव्हापासून बसतोय तिथं."

"करेल रे तो," व्हर्ना म्हणाली. "तू जाऊन गाडी गरम कर. थांब, कोटाची बटणं लावते."

"मला लावता येतात."

"येतात रे. पण वेळ लागतो, आणि माझे पाय गारठलेत."

अर्विड कुरकुरत बाहेर गेला. दार लागल्यावर व्हर्ना पुढे झुकली.

"हात लावू नकोस तिला. हलका केला म्हणून सांग."

"शनिवारी कळेल की त्याला."

"कळेल. मग घरी येऊन म्हणेल, हरीण दिसलंच नाही. गेल्या वर्षीही म्हणाला होता."

"दिसलं नसेल खरंच."

"डबा घेऊन गेले होते मी. मचाणाखाली बर्फात खुरांचे ठसेच ठसे. तो उतरायच्या आत मी त्यांच्यावरून चालून ते पुसून टाकले."