नवसूचा खण

आमचा पाडा पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेला. माझा बा घरं उभारायचा, त्याचा बा पण तेच करायचा, आन् मी पण तेच. शेती व्हती, नागली व्हायची, थोडा भात व्हायचा, पण घर उभारायचं म्हणलं की लोक पार मोखाड्यापासून मला बोलवायला यायचे. मजुरी नाय हां, गुरुजी. घर उभारायला सगळा पाडा येतो, घरवाला भाकर घालतो, दारू पाजतो, झालं.

आमचं घर कसं ते सांगतो, तुम्ही शाळेत विटांच्या भिंतीत बसता. सागाच्या नायतर ऐनाच्या मेढी जमिनीत पुरायच्या, वर आडवं लाकूड, त्यावर बांबू, त्यावर गवत. दोन मेढींच्या मधली जागा म्हणजे एक खण. भिंत कारवीच्या काठ्यांची, ती उभी करून शेणमातीनं सारवायची. खिळा एक नाय. सगळं बांधलेलं, म्हणजे सगळं सोडता येतं. पोराचं लगीन ठरलं की घराला एक खण जोडायचा. भाऊ वेगळे झाले की खण सोडायचा, मेढी उचलायच्या, दुसरीकडं पुरायच्या. कुठली मेढ कुठं बसती ते मी डोळे मिटून नुसता हात लावून सांगायचो. लय घमेंड व्हती मला त्याची, खोटं कशाला बोलू.

नवसू माझा थोरला. नवसानं झाला म्हणून नवसू. त्याचं लगीन ठरलं तवा त्याच्यासाठी खण जोडला, उगवतीच्या बाजूला. कारवी त्यानं स्वतः तोडून आणली, भिंत त्यानं स्वतः सारवली, मी हातच लावला नाय. पण लगनाच्या आधी ती पोरगी तापानं गेली. मंग नवसूचं इथं मन लागेना. खाली बंदरपट्टीला मिठागरावर जातो म्हणाला. जा म्हणलं. शिमग्याला ये म्हणलं. येतो म्हणाला.

तो शिमगा गेला, त्याच्या पुढचा गेला. त्याच सुमाराला जव्हारच्या राजाचं राज्य गेलं, कलेक्टरचं आलं, पाड्यावर लोक म्हणायचे आता आपलं काय. माझ्या ध्यानात राहिलं ते येवढंच की आधी घराला लाकूड लागलं तर पाटलाच्या कानावर घालून रानात जायचो, आता लाकूडतोडीचा सरकारी पास पाहिजे. पास म्हणजे जव्हारला हेलपाटे, डोंगर उतरा, डोंगर चढा. कायदा हाय, मी कुठं नाय म्हणतो.

चार पावसाळे गेले. नवसूची काय खबर नाय. मिठागरावरून आलेले लोक, कोण म्हणायचे दुसऱ्या आगरावर गेला, कोण म्हणायचे मुंबईला गेला. मेला असं कोणीच म्हणलं नाय. हे मी मुद्दाम सांगतो, नायतर तुम्ही लिहाल की बापानं पोराला मेलेला धरला. मी नव्हता धरला.

मंग धाकट्याचं, काळूचं लगीन निघालं. पोरीवाले म्हणाले, आमच्या पोरीला वेगळं घर पाहिजे. पासाचा अर्ज दिला, पण पाऊस तोंडावर आला. आन् माझ्या डोळ्यासमोर नवसूचा खण, रिकामा, मेढी ठणठणीत. नवसूच्या आयला म्हणलं, हा सोडतो. ती म्हणाली, सोडू नको, त्याची जागा हाय ती. मी म्हणलं, अगं लाकूड हाय ते, तो आला की दुसरं लावीन, माझे हात काय मोडलेत का. ती दिवसभर अंगणात पाठ करून बसली, जेवली नाय. मी सोडला. एका दिवसात सोडला आन् दोन दिवसांत वरच्या माळावर काळूचं घर उभं केलं. लोकांनी वाहवा केली, मी पण ती ऐकून घेतली.

आन् काय सांगू तुम्हाला, पुढच्याच शिमग्याला नवसू आला. दुपारची वेळ. एक पाय ओढत व्हता. मिठाच्या पोत्यांखाली पाय सापडला, दोन वर्सं चालताच येत नव्हतं, निरोप कोणाच्या हाती देणार, हे सगळं मागून कळलं. तवा त्यानं आयकडं बघितलं नाय, माझ्याकडं पण नाय. सरळ उगवतीच्या बाजूला गेला. तिथं काय, नुसती जमीन. उभा राहिला आन् म्हणाला,

बा, माझा खण?

आता बापानं काय बोलायला पाहिजे व्हतं? ये म्हणायला पाहिजे व्हतं. पायाला काय झालं विचारायला पाहिजे व्हतं. मी काय बोललो माहीत हाय? मी म्हणलं, काळूच्या घराला लावला, एक काडी वाया जाऊ दिली नाय. हसून म्हणलं हो, गुरुजी. कारागिरी सांगत व्हतो मी त्याला.

बरं केलंस, म्हणाला.

आयनं भाकर वाढली, ती खाल्ली. मंग काळूच्या घरी गेला, मी मागं मागं. भिंत त्याचीच, वरून काळूच्या बायकोनं नवी सारवलेली. त्यानं मेढीला हात लावला. काळू रडायलाच लागला, दादा, आजच सोडू, परत तिकडं लावू म्हणाला. नवसू म्हणाला, सोडू नको रे, आत चूल पेटली हाय.

दोन दिवस आमच्या ओट्यावर राहिला. आय म्हणायची आत ये, तो म्हणायचा इथं वारा हाय. तिसऱ्या दिवशी सकाळी निघाला. त्या पायानं डोंगर उतरला. मी वरून ओरडलो, खण लावतो रे, ये परत. त्यानं हात वर केला. बरं म्हणून की नको म्हणून, ते मला तवा कळलं नाय, अजून कळत नाय.

पास निघायला दोन वर्सं गेली. मेढी आणल्या, खण जोडला, तिथंच. दरसाल मीच सारवतो. बायकांचं काम हाय, लोक हसतात, हसू दे. तो गेल्याला सहा शिमगे झाले. दोनदा मिठागरावर जाऊन आलो, तिथं नाय तो. काळीज तुटतं माझं, दुसरं काय सांगू.

आता काळूला तीन पोरं. त्याच्या घरात पाऊस काढायला जागा नाय, आन् नवा पास निघेस्तवर पाऊस येईल. परवा नवसूची आयच मला म्हणाली, दे तो खण काळूला. त्याला जिथं असेल तिथं छप्पर असू दे म्हणाली, आन् इथं पोरांना असू दे.

खरं हाय तिचं. रोज सकाळी कोयता घेऊन जातो, बांधणीवर हात ठेवतो. साऱ्या मुलखाची घरं सोडली मी, पण ही एक गाठ माझ्यानं सुटत नाय. आज पण तसाच परत आलो. काळूनं कोयता माझ्या हातातून घेतला आन् परत छपराला खोचला, चांगला हाय पोरगा. देव त्याचं भलं करो. दोघांचं करो.