गुरुवारचा कोरडा दिवस

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष आणि तालुका आरोग्य अधिकारी डॉक्टर अनिरुद्ध साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत त्या आरोग्य सहायिका शिलाताई, निंबतळच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासद, आणि जेवण किती वाजता आहे हे आधीच विचारून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी राधाकृष्ण, या संघाचा अध्यक्ष. तीस वर्षं हिंगोलीच्या एसटी स्थानकावर माइकवरून गाड्या पुकारल्या. माझं पुकारणं कुणाला समजत नसे, तरी माणसं बरोबर आपापल्या गाडीत चढायची. त्यामुळे जनतेपर्यंत संदेश कसा पोचवावा हे मला कुणी शिकवू नये, असा माझा समज होता.

अशा आम्हा म्हाताऱ्यांना साथीचे रोग समजावून सांगायचे, हे काय साधं काम आहे? ताईंनी आधी केबलच्या टीव्हीवर खाली सरकणारी पट्टी लावली. आमचा चष्मा सापडेपर्यंत डेंग्यू जाऊन तिथे साडीच्या सेलची जाहिरात आलेली असायची. मग मोबाइलवर डासांची चित्रं धाडली. ती आम्ही शुभ सकाळ समजून पुढे पाठवली. शेवटी ताईंनी तालुक्याचं छोटं रेडिओ केंद्र गाठलं, कारण रेडिओ आम्ही अजून ऐकतो.

तीन वर्षांपूर्वी डेंग्यूच्या दिवसांत रेडिओवर ताईंचा आवाज यायचा, "दर गुरुवारी कोरडा दिवस पाळा." म्हणजे आठवड्यातून एकदा रांजण, माठ, टाकी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवायची, की डासाच्या अळ्या मरतात. एवढं समजावायला ताई आमच्या बैठकीलाही आल्या. मी शेजारी बसून मान हलवत होतो. त्या गेल्यावर आमच्या संघातल्या सखुबाईंनी विचारलं, "सायब, काय म्हणल्या वो बाई?"

आता खरं सांगतो. माझं कानाचं यंत्र खिशात होतं. अध्यक्षानं चारचौघांत यंत्र लावून बसावं, हे बरं दिसतं का? मला 'गुरुवार', 'कोरडा' आणि 'पाण्याचा थेंब' एवढंच ऐकू आलं होतं. ऐकू आलं नाही, असं सांगायची लाज वाटली. मी म्हणालो, "गुरुवारी निर्जळी उपास धरायचा. साथ टळते."

शेजारी बसलेले सभासद रामसिंग घाबरले. "मंग आमची संध्याकाळची बी बंद काय?"

"कोरडा म्हणजे कोरडा!" मी ठणकावलं. त्यांच्या मंडळींनी त्या दिवशी आरोग्य खात्याला मनापासून हात जोडले.

संघानं तीन गुरुवार कडक पाळले. कुणी रांजणाला शिवलंसुद्धा नाही. आम्ही तहानेनं व्याकूळ, आणि काठोकाठ भरलेल्या रांजणात अळ्या मजेत. चौथ्या गुरुवारी सखुबाई चक्कर येऊन ओट्यावर पडल्या. ताई धावत आल्या, मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि विचारलं, "आजी, उपास कुणी सांगितला?"

सखुबाईंनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाल्या, "रेडिओच सांगून राहिला न माय, कोरडा दिवस पाळा म्हणून."

त्याच आठवड्यात आमच्या संघातल्याच धुरपताबाईंना डेंग्यू झाला. अकरा दिवस त्या नांदेडला दवाखान्यात होत्या. वाचल्या, आज समोर बसून हसत आहेत. पण ते अकरा दिवस मला घास गिळवला नाही. मग वरून शिलाताईंना नोटीस आली की, संदिग्ध शब्द वापरून ज्येष्ठांची दिशाभूल केली. ताईंनी एका ओळीचा खुलासा दिला, "शब्द माझाच होता." ती नोटीस अजून त्यांच्या सेवापुस्तकात आहे.

आणि या बाईंनी पुढं काय केलं? सखुबाईंनाच रेडिओवर नेलं. तुम्ही सगळ्यांनी ऐकलं आहे, "बायांनो, उपास धरू नका. तुमी पोटभर पाणी प्या अन् रांजण पालथा घाला. डासाला काहून पाजून राहिल्या?" हे मात्र आम्हाला पहिल्या फटक्यात समजलं. यंदा निंबतळात डेंग्यूचा एकही रुग्ण नाही.

गावानं ही गोष्ट हसण्यावारी नेली आणि त्या हसण्यात मी तीन वर्षं लपून राहिलो. ताईंना ठाऊक होतं का? मला वाटतं, होतं. त्या दिवशी ओट्यावर त्यांनी माझ्याकडं एकदा नीट पाहिलं, पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि त्या सखुबाईंची नाडी बघू लागल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

अध्यक्ष महाराज, हे माझ्या सहीचं पत्र. चूक शब्दाची नव्हती, ती माझी होती, असं त्यात लिहिलं आहे. खाली बेचाळीस सभासदांच्या सह्या आणि अंगठे आहेत. पहिला अंगठा सखुबाईंचा. ताई परवा निवृत्त होतात. त्याच्या आत हे पत्र सेवापुस्तकाला जोडावं, एवढी विनंती.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचा ऋणी आहे. शेवटी वक्त्यानं भाषणात काही कमीजास्त बोललं गेलं असल्यास माफी मागायची असते. आज मी काही कमीजास्त बोललो नाही. शिलाताई, जे कमीजास्त बोललो ते तीन वर्षांपूर्वी त्या बैठकीनंतर बोललो, आणि त्याची माफी तुमच्याकडं हात जोडून मागतो.