बिनहाडाचा घोडा

...आणि वर मलाच म्हणते, तुम्हाला नवीन काही आवडतच नाही! मला? तुम्हाला सांगतो, माझं त्या मशीनशी काही वैर नव्हतं. धाकट्या मेहुणीनं अल्माटीहून बहिणीच्या वाढदिवसाला पाठवलं, पिशवीतली हवा ओढून घ्यायची आणि तोंड चिकटवून टाकायचं, बास, छान आहे, ठेव म्हटलं कपाटावर. पण राबिगा, म्हणजे आमची बायको, कपाटावर ठेवणाऱ्यातली नाही. अहो, बाहेर आमच्या कझाकस्तानातल्या करागंडाची थंडी, उणे अठ्ठावीस, पाचव्या मजल्यावरची आमची बाल्कनी म्हणजे नोव्हेंबर ते मार्च फुकटचा फ्रीजर, मांस टांगा, मासे टांगा, मला टांगलं तरी उन्हाळ्यापर्यंत ताजा राहीन, आणि हिला हवा काढायचीय! मी काही बोललो? नाही बोललो.

पहिल्या दिवशी बाऊरसाक घेतले. चहाबरोबरचे आमचे ते तळलेले, टम्म फुगलेले बाऊरसाक! आता बाऊरसाकात असतं काय? थोडं पीठ आणि बाकी हवा. ती हिनं काढून घेतली. घुर्रर्र झालं आणि आतून कोटाची बटणं निघाली. मग माझे लोकरीचे मोजे. मग घराचे कागद. मग टीव्हीचा रिमोट... रिमोट पिशवीतूनसुद्धा चालतो, खोटं कशाला बोलू. मग कळलं की नुसतं ठेवायचं नाही, त्याच पिशवीत शिजवायचंही असतं, मांस पिशवीसकट कोमट पाण्यात आठ तास. मी म्हटलं, बायको मांसाला न्हाऊ घालतेय. जेवायला बसलो, वाटी पुढं केली, म्हटलं रस्सा? तर म्हणे, "रस्सा आतल्या आत मुरलाय." अहो, गरम रस्सा प्यायल्याशिवाय आमच्याकडे माणूस जेवला असं म्हणतच नाहीत! पण मी काही बोललो? नाही बोललो. पाणी प्यायलो.

डिसेंबरात गावाकडे थोरल्या भावाबरोबर हिवाळाभर खायला घोडा कापला. आमच्यात घोडा सांध्यासांध्यावर सोडवतात, हाड तोडत नाहीत, कारण प्रत्येक हाडाला मालक असतो. हे लेकीचं, हे जावयाचं, आणि खुब्याचं हाड, आम्ही जांबास म्हणतो, ते सगळ्यात मानाच्या पाहुण्याचं. तो पाहुणा येईपर्यंत राखून ठेवायचं, फेब्रुवारी येवो की मार्च. आणि यंदा आमचा मानाचा पाहुणा होता तोक्तार. आमच्या लेकीला, अकेर्केला, ज्याची मागणी आली होती ना, त्या मुलाचा बाप, बल्काशचा. पोरगा सोन्यासारखा, पोरगी त्याच्यावर जीव टाकते, पण बाप... हा माणूस एकदा एका घरी पुढ्यात खांद्याचं हाड आलं म्हणून जेवता जेवता उठला, टोपी घातली आणि निघून गेला. त्याच्या थोरल्या मुलाची ती सोयरीक मोडली ती मोडलीच.

तर मी मांस बाल्कनीत लावलं, जांबासवर फडकं बांधलं, आणि भाच्याची गाडी दुरुस्त करायला दोन दिवस तेमिरताऊला गेलो. दोनच दिवस! परत येतो तर बाल्कनीत त्रेचाळीस पिशव्या, सपाट, चौकोनी, ग्रंथालयात लावतात तशा रांगेत. म्हटलं, अगं, हाडं कुठायत? तर म्हणते, "हाड पिशवीला टोचतं. भोक पडतं. हवा आत जाते. मग काढून काय उपयोग?" आणि मांडी, खांदा, मान, खुबा, सगळं सोलून, सारखे तुकडे करून, एकावर एक! हाडं कोपऱ्यात पोत्यात, सुपासाठी. पंचवीस वर्षं ही बाई माझ्या घरात पाहुण्यांपुढं हाडं लावतेय, कुठलं कुणाचं हे माझ्यापेक्षा जास्त हिला पाठ, आणि एका प्लास्टिकच्या पिशवीला भोक पडू नये म्हणून हिनं सगळ्या खानदानाचे मानपान पुसून टाकले! मी काही बोललो? बोललो. थोडंसं. तर म्हणे, तोक्तार यायला अजून आठ दिवस आहेत, बाजारातून एक जांबास आणा, कुणाला कळतंय.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फोन. तोक्तार स्वतः. वादळ येतंय, रस्ते बंद होतील, म्हणून आम्ही पहाटेच निघालो, दुपारी पोचतो. विहीणबाईंनी कुंडलं बरोबर घेतलीयत. आता आमच्यात मुलाच्या आईनं मुलीच्या कानात कुंडलं घातली की सोयरीक पक्की, आणि नाही घातली की नाही. बाजार शहराच्या त्या टोकाला, तो उघडतो दहाला, आणि जांबास शिजायला तीन तास. करा हिशेब! राबिगा स्टुलावर बसली ती उठेचना. रडायला लागली. मला आयुष्यात पहिल्यांदा भांडायची आयती संधी मिळाली होती, तुम्हाला सांगतो, आणि भांडवेना.

मग मी पोतं उपसलं. खुब्याचं हाड काढलं, स्वच्छ, पांढरं, चाटून ठेवल्यासारखं. चार पिशव्या फोडून आतलं गोठलेलं मांस सैल व्हायला कोमट पाण्यात सोडलं. त्यातलं कुठलं मांस खुब्याचं आणि कुठलं मानेचं हे खुद्द घोड्यालाही सांगता आलं नसतं. आणि रजया शिवायची ती मोठी सुई घेऊन बसलो. मी! खाणीत तीस वर्षं यंत्रं जोडलेला माणूस, मांस हाडाला टाके घालून जोडतोय, राबिगा दाबून धरतेय, हाताला चरबी, सुई सटकतेय... अकेर्के दारात येऊन उभी राहिली. बघत राहिली. म्हणाली, "बाबा, राहू दे. नाही जमलं तर नाही." आणि असं म्हणत खाली बसली आणि दोऱ्याचं दुसरं रीळ काढून दुसरी सुई ओवायला लागली. मी सरकून तिला जागा केली. म्हटलं, शिजताना उसवलं तर बघ मग.

नाही उसवलं. भला थोरला जांबास, रस्सासुद्धा झाला, वर कांदा पसरला, झाकलं सगळं. तोक्तार आला, पाठ खांबासारखी सरळ, बसला मधोमध. तबक पुढं ठेवलं. त्यानं हाड ओळखलं, मान हलवली, माझा जीव भांड्यात पडला. मग सुरी घेतली, आमच्याकडे मानाचा पाहुणा स्वतःच्या हातानं कापून सगळ्यांना देतो, आणि एक तुकडा उचलला. त्याच्याबरोबर दोरा आला. त्यानं ओढला. अजून आला. ओढतोय, येतोय, ओढतोय, येतोय... अहो, केवढा दोरा घातला होता मी! सगळा गोळा करून त्यानं तबकाच्या कडेला ठेवला. विहीणबाईंचा हात पिशवीतल्या कुंडलांवर होता, तो तिथंच थांबला. अकेर्के चहा ओतत होती, कप भरून बशीत सांडला तरी ओततच होती.

तोक्तार म्हणाला, "कुणी शिवलं?"

राबिगा तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "मी." आणि मग सगळंच सांगून टाकलं, मशीन, भोक, पोतं, सकाळचा फोन, सगळं, एका दमात, आत्ता तुम्हाला सांगतोय तसंच. तो ऐकत राहिला. टोपी शेजारीच होती, माझा डोळा त्या टोपीवर. मग म्हातारा म्हणाला, "मला आजपर्यंत जांबास पुष्कळ घरी मिळाले. पण मुलीचा बाप माझ्यासाठी सुई घेऊन बसला असं कुणाकडे झालं नाही." आणि बायकोकडे वळून, "घाल कुंडलं. चहा सांडतोय तिचा."

झालं. पोरगी रडली, राबिगा रडली, मी बाल्कनीत जाऊन आलो आणि सांगितलं, थंडीनं डोळ्यांत पाणी आलं.

पण तुम्हाला वाटतं एवढ्यावर सुटलो? व्याह्यांनी व्याह्यांची थट्टा करायची नाही तर मग सोयरीक कसली! जूनमध्ये लग्न झालं. चारशे माणूस. मानानं मला पुढं बोलावलं, तोक्तारनं स्वतःच्या हातानं माझ्या खांद्यावर निळा मखमली झगा घातला, सोन्याची कलाबूत, सगळा हॉल टाळ्या वाजवतोय, मी डावा हात बाहीत घातला, उजवा घालायला गेलो, तर बाहीच नाही! ती वेगळी, घडी करून, वर सुई टोचून माझ्या हातात दिली. म्हणे, "ही मुद्दाम सोडलीय, व्याही. म्हटलं, घरचा शिंपी असताना बाहेर कशाला द्या?"

कधी आलात तर फोटो बघा. मुलगी सुरेख, जावई उंच, राबिगा मधोमध हसतेय. आणि कडेला झग्याच्या एकाच बाहीत हात घालून जो उभा आहे ना, तो मी.